पाण्यावरचा जोडा

पायांतली वहाण पायांतच बरी, ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या मनांत वहाणेविषयीं फारसा आदर नसावा. रस्त्यानें चालतांना तिचा अंगठा तुटला तर मनुष्य ती हातांत घेतो, चार पावलें अनवाणी चालतो आणि कोपऱ्यावर एक टांका घालून घेतो. थोडी फजिती होते, एवढेंच. परंतु जगांत असेहि कांहीं जोडे आहेत कीं, त्यांची निवड चुकली तर फजितीवर भागत नाहीं. पाय मोडतो आणि महिनोगणती अंथरूण धरावें लागतें. पर्वत चढणाराचा बूट हा त्यांपैकीं एक. आणि एकाच फळीवर उभें राहून मोटारबोटीमागें पाण्यावरून धांवणाऱ्या खेळाडूचा जोडा हा दुसरा. या दुसऱ्या जोड्याची निवड कशी करावी आणि तो टिकवावा कसा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा खेळ मूळचा अमेरिकेंतला. मिनेसोटा व विस्कॉन्सिन या दोन संस्थानांच्या सीमेवरून वाहणारी मिसिसिपी नदी एके ठिकाणीं रुंदावते आणि तेथें पेपिन नांवाचें विस्तीर्ण सरोवर तयार होतें. त्या सरोवराच्या कांठीं लेक सिटी या गांवांत राल्फ सॅम्युएलसन नांवाचा तरुण राहत असे. लांब फळ्या पायांस बांधून बर्फावरून घसरत जातां येतें, मग पाण्यावरून कां जातां येऊं नये, या प्रश्नानें त्याच्या मनांत घर केलें. त्यानें प्रथम पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या. कशावरहि उभें राहतां येईना. अखेर १९२२ सालीं त्यानें पाइनच्या लांकडाच्या सुमारें ८ फूट लांब व ९ इंच रुंद अशा दोन फळ्या घेतल्या, त्यांचीं टोकें उकळत्या पाण्यांत मऊ करून वर वळविलीं, आणि मध्यावर चामड्याची एकेक वादी ठोकून तींत पाऊल सरकविलें. भावानें बोट हांकली, आणि जुलै महिन्याच्या आरंभीं राल्फ पाण्यावर उभा राहिला. त्या वेळीं त्याचें वय अवघें १८ वर्षांचें होतें. या शोधाचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं. जलस्कीचें पेटंट १९२५ सालीं फ्रेड वॉलर या दुसऱ्याच गृहस्थानें घेतलें. आणि राल्फला या खेळाचा जनक म्हणून अमेरिकेंतील जलस्की संघटनेची मान्यता मिळाली, ती १९६६ सालीं.

राल्फच्या त्या चामड्याच्या वादीकडे पुन्हां एकदां पाहण्यासारखें आहे. चप्पल पायांत असावी तितपतच ती पावलाला धरीत असे. सरळ रेषेंत, बेताच्या वेगानें जावयास तेवढें पुरेसें होतें. आणि तो पडला तर पाऊल वादींतून आपोआप निसटत असे. पुढें वेग वाढला, वळणें आलीं, दोन फळ्यांची एक फळी झाली, आणि मग ती वादी पुरेना. पावलाला घट्ट धरणारें कांहीं तरी निराळें साधन हवें झालें. इंग्रजींत या साधनास बाइंडिंग म्हणतात. मराठींत जवळचा शब्द पायबंद. परंतु पायबंद घालतात तो घोड्यानें पळूं नये म्हणून, आणि हें साधन तर मनुष्यानें धांवावें म्हणून असतें. तेव्हां त्यास पादबंध म्हणणें अधिक बरें.

एका फळीवरच्या या प्रकाराला स्लालम म्हणतात. शब्द नॉर्वे देशांतला. त्याचा अर्थ उतारावरून गेलेली स्कीची वाट असा आहे. पाण्याला उतार कोठून असणार? म्हणून येथें वळणांसाठीं तरंगते बोये मांडतात. स्पर्धेचा मार्ग २५९ मीटर लांब असतो. बोट मध्यरेषेनें सरळ जाते, आणि खेळाडूनें एकदां उजवीकडचा, एकदां डावीकडचा असे सहा बोये बाहेरच्या अंगानें वळून घ्यावयाचे असतात. प्रत्येक बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटर दूर असतो. बोटीचा वेग पुरुषांच्या स्पर्धेंत जास्तींत जास्त ताशीं ५८ किलोमीटर व स्त्रियांच्या स्पर्धेंत ५५ किलोमीटर असतो. ५८ किलोमीटरच्या वेगानें हा सारा मार्ग सुमारें १६ सेकंदांत संपतो. सहाहि बोये साधले म्हणजे दोर आंखूड करतात. आरंभीं १८.२५ मीटर असणारा दोर उतरत उतरत १०.७५ मीटर आणि त्याहूनहि आंखूड होतो. आतां विचार करावा: बोया ११.५ मीटरांवर, आणि दोर त्याहून आंखूड. मग खेळाडू बोया गांठतो तरी कसा? उरलेलें अंतर तो आपलें शरीर पाण्यावर जवळजवळ आडवें झुकवून भरून काढतो.

अशा वेळीं त्याच्या हातांत दोराची मूठ असते आणि पायांखालीं साडेपांच फुटांच्या आसपास लांबीची, वीतभराहूनहि अरुंद अशी फळी असते. या दोहोंमधला सारा ताण घोट्यांतून आणि टांचेंतून जातो. टांच पादबंधांत अर्धा इंच जरी उचलली गेली, तरी पायाची आज्ञा फळीपर्यंत पोंचावयास उशीर लागतो. म्हणून चांगल्या खेळाडूला पादबंध आपल्या कातडीप्रमाणें अंगाला बसलेला हवा असतो.

हीं साधनें विकणाऱ्या दुकानांत जाणारा मनुष्य बहुधा दोनच प्रश्न विचारतो: हें पायाला सुखाचें आहे काय, आणि किती वर्षें टिकेल? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. परंतु या दोहोंच्या आधीं विचारावयाचा एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो बहुतेकांच्या तोंडीं येत नाहीं. तो प्रश्न असा: मनुष्य पडला असतां हा जोडा सुटतो काय?

घोड्यावर बसणाऱ्या लोकांना या प्रश्नाचें मर्म चटकन् कळेल. रिकिबीमुळें स्वाराला बळ मिळतें. तिच्यावर भार देऊन तो उभा राहतो, वळतो, तोल सांवरतो. परंतु स्वार खालीं पडला आणि पाय रिकिबींत अडकून राहिला, तर उधळलेला घोडा त्याला फरफटत नेतो. याचसाठीं कांहीं खोगिरांना अशी कळ ठेवलेली असते कीं, उलट ओढ बसतांच रिकिबीचा पट्टा मोकळा व्हावा. पादबंधाची गोष्ट अगदीं हीच. खेळाडू उभा आहे तोंवर त्यानें पाऊल सोडतां कामा नये. आणि तोल गेला कीं धरतां कामा नये. फळीचें टोक पाण्यांत रुतलें म्हणजे फळी जागच्या जागीं थांबते आणि शरीर मात्र पूर्वीच्या वेगानें पुढें फेंकलें जातें. त्या क्षणीं टांच वर सुटली नाहीं तर तिच्यामागची जाड शीर ताणली जाते, क्वचित् तुटतेहि. किंवा घोटा मुरगळतो, मोडतो.

याहूनहि वाईट स्थिति म्हणजे एक पाय सुटणें आणि दुसरा अडकून राहणें. साडेपांच फुटांची फळी मग एखाद्या लांब दांडीप्रमाणें अडकलेल्या पायाला पिळते. म्हणून या खेळांतील जाणत्यांचा एक साधा नियम आहे: सुटावेत तर दोन्ही पाय एकदम सुटावेत, राहावेत तर दोन्ही एकदम राहावेत. पादबंधाची निवड करणारानें हा नियम मनाशीं धरावा, आणि मग पुढच्या वस्तु पाहावयास लागावें.

बाजारांत मिळणाऱ्या पादबंधांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग रबरी, मागेंपुढें सरकवितां येणारा आणि बोटांकडे उघडा. टांचेचा भाग खांचेंत सरकवून तो लहानमोठ्या पायांना जुळवितां येतो. एकाच घरांतील चार माणसें, थोरला मुलगा, धाकटी मुलगी, बाप आणि पाहुणा, अशीं पाळीपाळीनें एकच फळी वापरणार असतील तर हाच प्रकार सोयीचा. तो सर्वांना थोडाथोडा बसतो, आणि म्हणूनच कोणा एकालाहि पुरता बसत नाहीं. शिकणाराला त्याचें दुःख नाहीं. कारण त्याचा वेग कमी, वळणें सौम्य आणि पडणें वारंवार, आणि अशा पादबंधांतून पाय सहज निघतो.

दुसरा वर्ग नाडीच्या बुटाचा. बाहेरून रबर किंवा तत्सम पदार्थाचें आवरण, आंतून मऊ अस्तर, आणि वरून ताणली जाणारी लवचिक नाडी. हा बूट एका विशिष्ट मापाचा असतो आणि घोट्यापर्यंत वर येतो. कांहीं प्रकारांत आंतलें अस्तर ऊब देऊन पावलाच्या आकारावर बसवितां येतें, त्यामुळें टांचेच्या हाडाशीं किंवा करंगळीच्या कडेला होणारा जाच नाहींसा होतो. ज्याचा पाय वाढावयाचा थांबला आहे आणि जो दर आठवड्यास पाण्यावर जातो, त्याला हा वर्ग बहुधा पुरतो. लवचिक नाडीचा गुण असा कीं, ती ताण घेते पण अखेरच्या क्षणीं थोडी नमते. तिला गांठीवर गांठ मारून दोरखंडासारखी आवळणारा मनुष्य तिचा हाच गुण घालवून बसतो.

तिसरा वर्ग कठीण कवचाचा. बर्फावरच्या स्कीच्या बुटासारखें ताठ कवच पावलाभोवतीं असतें आणि त्यांतून पाऊल निसटत नाहीं. मग सुटका कशी? ती बुटाच्या खालीं योजलेली असते. कांहीं प्रकारांत ठराविक ओढ बसतांच उघडणारी कळ असते. कांहींत दोन पृष्ठभाग एकमेकांत गुंतवून धरणाऱ्या पट्ट्या असतात आणि पडतांना बुटासकट पट्टीच फळीवरून उखडून निघते. स्पर्धेंत उतरणाऱ्यांचें यावर प्रेम असतें, कारण पायाची हालचाल यांत क्षणाचाहि विलंब न लागतां फळीला कळते. परंतु या कळा आणि पट्ट्या मनुष्याच्या वजनाप्रमाणें व कौशल्याप्रमाणें जुळवाव्या लागतात. ती जुळवणी जाणकाराकडून करून न घेतां हा जोडा वापरणें म्हणजे आपला घोटा नशिबाच्या स्वाधीन करणें होय.

आतां मागच्या पायाचा विचार. एका फळीवर एक पाय पुढें व दुसरा त्याच्या मागें लागून, जवळजवळ एका रेषेंत असतो. पुढें कोणता ठेवावा हें ठरविण्याची एक जुनी युक्ति आहे: मनुष्य स्वस्थ उभा असतां त्याच्या पाठीला हलका धक्का द्यावा, तोल सांवरण्यासाठीं जो पाय तो आपोआप पुढें टाकील तो बहुधा पुढचा. पुढच्या पायाला पुरा बूट लागतो, यांत मतभेद नाहीं. मागच्यासाठीं कोणी दुसरा पुरा बूट पसंत करतात, तर कोणी फक्त पुढचीं बोटें सरकविण्याजोगी रुंद पट्टी. पट्टीचा फायदा असा कीं, पाण्यांतून उठतांना मागचा पाय मोकळा सोडून तोल सांवरतां येतो व नंतर तो हळूच आंत घालतां येतो. तोटा वर सांगितलेल्या नियमावरून ध्यानांत येईल: पडतांना पट्टींतला पाय चटकन् निघतो आणि पुढचा बुटांत राहण्याचा संभव असतो. म्हणून मागें पट्टी पसंत करणारानें पुढचा बूट फाजील घट्ट घेऊं नये. दोन बूट पसंत करणारानें ते एकाच जातीचे, सारख्याच घट्टपणाचे घ्यावे. एक नवा ताठ आणि दुसरा जुना सैल अशी जोडी बांधूं नये. दोन्ही बूट एकाच लांब पट्टीवर बसविलेले असतील तर पाय निदान एकमेकांपासून दूर ओढले जात नाहींत.

सुख म्हणजे मऊपणा, अशी पुष्कळांची समजूत असते. दुकानांत पाऊल आंत घालतांच गादीवर पडल्यासारखें वाटलें कीं ते संतुष्ट होतात. परंतु मऊ आणि सैल अस्तर पाण्यांत भिजलें म्हणजे आणखी सैल होतें. टांच आंत हलूं लागते, आणि ती स्थिर ठेवण्यासाठीं बोटें वांकवून तळ धरण्याचा प्रयत्न होतो. त्यांतूनच पायाला पेटके येतात. खरें सुख तेव्हां, जेव्हां पाऊल सर्व बाजूंनीं सारखें धरलेलें असतें आणि कोणत्याहि एका ठिकाणीं टोंचत नाहीं. परीक्षा अशी करावी. पाय ओला करून बूट घालावा, कारण पाण्यावर तो तसाच घालावयाचा आहे. नाडी खालून वर क्रमाक्रमानें ओढावी. गुडघे वांकवून पुढें झुकावें: टांच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. बोटें पुढच्या कडेला हलकेच टेकावींत, परंतु दुमडतां कामा नयेत. मग दहा मिनिटें तसेंच उभें राहावें. इतक्या वेळांत पायाला मुंग्या आल्या, किंवा एखाद्या हाडावर जाच होऊं लागला, तर तो बूट कितीहि नामांकित असला तरी परत ठेवावा. नेहमींच्या बुटाच्या मापावर विसंबून घरबसल्या मागविण्यापेक्षां असा दहा मिनिटांचा खटाटोप पुढचे दहा आठवडे वांचवितो.

शेवटीं टिकाऊपणा. रबराचे मुख्य शत्रु ऊन, उष्णता आणि तेल. नैसर्गिक रबर उन्हानें व हवेंतील ओझोननें चिरफळतें, आणि खनिज तेल लागलें कीं फुगून भुसभुशीत होतें. अमेरिकेंतील ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९३० सालीं निओप्रीन नांवाचें कृत्रिम रबर तयार झालें. तें ऊन व तेल यांना पुष्कळ अधिक दाद देत नाहीं, आणि त्याचा फेंसाळ प्रकार मऊ व उबदार असतो. म्हणून पादबंधाच्या अस्तराला तो फार वापरला जातो. परंतु निओप्रीन म्हणजे अमरपट्टा नव्हे. विकत घेतांना आवरणाच्या जाडीपेक्षां तें खालच्या पट्टीला जेथें जोडलेलें असतें ती कड अगोदर पाहावी. फाटण्यास प्रारंभ बहुधा तेथूनच होतो. टांके दुहेरी आहेत काय, रबरावर दाब देणारी धातूची कड गुळगुळीत आहे काय, स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे आहेत काय, हें बोट फिरवून पाहावें.

निगा फारशी कठीण नाहीं. पाय आंत जात नसेल तर साबणाचें पाणी लावावें, किंवा याच कामासाठीं मिळणारें वंगण घ्यावें. व्हॅसलिन किंवा यंत्राचें तेल कधींहि लावूं नये. जोडा वर ओढावयाचा तो दोन्ही हातांनीं, कडेला धरून. टांचेकडच्या एकट्या पट्टीला हिसडा देण्याची संवय चांगला बूट एका हंगामांत फाडते. समुद्राच्या पाण्यांतून आल्यावर गोड्या पाण्यानें धुवावें, कारण खाऱ्या पाण्यांत पोलादी स्क्रू व ॲल्युमिनियमची पट्टी एकमेकांना लागून असल्या म्हणजे ॲल्युमिनियम लवकर झिजतें. वाळवावयाचें तें सावलींत. बंद मोटारींत, कडक उन्हांत तासन् तास ठेवलेला बूट आकार सोडतो आणि त्याचे सांधे उकलतात. दर वेळीं पाण्यावर जाण्यापूर्वीं स्क्रू हातानें चांचपून आवळावे. सैल स्क्रू फळींतल्या भोकाला रुंद करतो, आणि मग अखेर फळीच टाकावी लागते. पादबंधाची फळीवरील जागा बदलावयाची असेल तर एका वेळीं एकच भोंक पुढें वा मागें करावें आणि मूळची जागा मोजून लिहून ठेवावी.

अमेरिकेंत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें आज थोडीं नाहींत, आणि तेथील सरोवरांकांठच्या घरांत हा प्रश्न केव्हां ना केव्हां उभा राहतोच: मुलाला थोरल्या भावाचा जुना पादबंध चालेल काय? जुने कपडे, जुनीं पुस्तकें, जुनी सायकल हीं आनंदानें धाकट्याकडे जावींत; त्यांत काटकसर आहे आणि मायाहि आहे. परंतु हा जोडा द्यावयाचा असेल तर आधीं त्याची टांच व कड उन्हांत धरून पाहावी. रबर वांकविलें असतां बारीक भेगा दिसत असतील, आवरण पट्टीपासून सुटूं लागलें असेल, किंवा मोठा होतो म्हणून आंत फडकें कोंबावें लागत असेल, तर तो टाकून द्यावा. सैल जोड्यांतून एक पाय निघतो आणि एक राहतो, आणि मग तीच वर सांगितलेली स्थिति येते. मूल पांच वर्षांनीं त्या बुटाच्या मापाचें होईल, या आशेवर आजचा घोटा गहाण टाकूं नये.

टिकाऊ वस्तु घ्यावी, ही आपल्या घरांतून चालत आलेली शिकवण खरी आहे. मात्र या एका वस्तूच्या बाबतींत काय टिकवावयाचें आहे याचा विसर पडूं नये. जोडा फाटला तर नवा घेतां येतो. पाय नवा घेतां येत नाहीं. म्हणून दुकानांत तीन प्रश्न विचारावे, आणि ते क्रमानें विचारावे: सुटतो काय, बसतो काय, टिकतो काय. पहिल्याचें उत्तर समाधानकारक नसेल तर पुढचे दोन विचारण्याचें कारण उरत नाहीं.